गायकवाड मॅडमचा उलटा हात

फ्रिज उघडण्याआधी गायकवाड मॅडम त्याच्या दाराला उलटा हात लावून बघत. तळवा नाही, बोटांची मागची बाजू, तीही क्षणभरच. वॉशिंग मशीन, पाण्याच्या पंपाची पेटी, जिन्याचा लोखंडी कठडा, सगळ्यांना तसंच. बदलापूर पश्चिमेला, मांजर्लीतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये त्याची चेष्टा चाले.

"मॅडम, फ्रिजला ताप आलाय का?" तळमजल्यावरच्या शिंदे आजी विचारत.

मॅडम हसत नसत. "तळव्यानं धरलं आणि करंट असला, तर मूठ आवळते आजी. मग सुटत नाही."

त्या दुसऱ्या मजल्यावर एकट्या राहत आणि अंबरनाथच्या एका कॉलेजात इलेक्ट्रिकल शिकवत. आम्ही पहिल्या मजल्यावर. पप्पा कारखान्यात, शिक्षण सातवीपर्यंत. अकरावीत मला फिजिक्स कळेना तेव्हा पप्पांनी मला त्यांच्यासमोर नेऊन उभं केलं. त्यांनी पुस्तक बाजूला सारलं आणि पाणी तापवायचा रॉड टेबलावर ठेवला.

"व्होल्ट दोनशे तीस, करंट साडेसहा अँपिअर. रेझिस्टन्स किती?"

मी भागाकार केला. "पस्तीस ओहम."

"पॉवर?"

गुणाकार केला. "पंधराशे वॅट. जवळजवळ."

"आता रॉडच्या जागी तू. ओलं अंग, हजार ओहम धर. करंट?"

पाव अँपिअरही होत नव्हता. रॉडच्या मानाने फारच थोडा, म्हणून मला हायसं वाटलं. मॅडम माझ्याकडे बघत होत्या. "याच्या पाचव्या हिश्शातही माणूस जातो," त्या म्हणाल्या.

त्यांचा थोरला भाऊ तसाच गेला होता. उल्हासनगरात कपडे रंगवायच्या कारखान्यात, ओल्या फरशीवर. त्यांनी हे एकदाच सांगितलं, रॉडची वायर गुंडाळता गुंडाळता. "मी घाबरते म्हणून हा विषय घेतला. घाबरायचंच. पण किती घाबरायचं, ते काढून घाबरायचं."

मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असताना नदीचं पाणी आमच्या गल्लीत शिरलं. लाईट सकाळीच बंद केली होती. दुपारपर्यंत तळमजल्यावर गुडघ्याच्या वर पाणी आलं. आजींचा मुलगा कामावर अडकला होता आणि आजी लाकडी पलंगावर उभ्या राहून हाका मारत होत्या. जिन्यावरून त्यांचं उघडं दार समोरच दिसे. पप्पा पँट दुमडून शेवटच्या कोरड्या पायरीवर गेले.

"साळवे भाऊ, थांबा," वरून मॅडम म्हणाल्या. "पाण्यात पाय नको."

"लाईट कधीच गेली मॅडम. तुम्ही प्रत्येक गोष्टीला घाबरता."

"लाईट गेलीय ना? मग आजींचा पंखा कसा फिरतोय?"

आम्ही सगळ्यांनी पाहिलं. आजींच्या डोक्यावर पंखा संथ फिरत होता. मागच्या पुरात इन्व्हर्टर भिजला म्हणून मुलाने नवा इन्व्हर्टर बॅटरीसकट उंच फळीवर बसवला होता. तो वर कोरडा राहून चालू होता, आणि त्याच्यावर चालणारे भिंतीतले प्लग खाली पाण्यात बुडले होते.

पप्पांनी उचललेला पाय मागे घेतला. दोनशे तीस भागिले हजार, माझ्या डोक्यात आपोआप चालू झालं. हजारच्या जागी मला पप्पा दिसत होते.

"आजी, खाली उतरू नका," मॅडम म्हणाल्या. " कपडे वाळत घालायची काठी कुठंय?"

"हातातच आहे गं."

"कोरडी आहे?"

"आहे. पण मला नीट दिसत नाही. कुठलं बटण?"

"पांढऱ्या डब्यावर लाल बत्ती आहे ना? तिच्या शेजारचं. दाबा."

काठी डब्यावरून घसरली. परत घसरली. आजी रडायला लागल्या. "मॅडम, पाणी गादीला लागलं," पप्पा पुटपुटले. मॅडम कठड्यापासून हात लांब ठेवून उभ्या होत्या.

मग लाल बत्ती गेली. पंखा हळू झाला आणि त्याची पाती एकेक दिसायला लागली. तो पूर्ण थांबेपर्यंत मॅडमनी कुणाला हलू दिलं नाही.

मॅडमनी खाली येऊन त्यांच्या व्होल्टेज मोजायच्या मीटरची एक काडी पाण्यात धरली, दुसरी कठड्याला टेकवली. शून्य. पप्पा पुढे झाले तसा त्यांनी हात आडवा धरला.

"गणित माझं आहे भाऊ. पाय पण आधी माझा."

आणि फ्रिजलाही तळवा न लावणारी ती बाई डोळे मिटून पाण्यात उतरली. दोन पावलं टाकली, उभी राहिली. मग म्हणाली, "या."

पप्पांनी आजींना पाठीवर घेऊन वर आणलं. मम्मीने सगळ्यांना चहा दिला. मॅडम कप बाजूला ठेवून परत परत पाय पुसत होत्या.

"मीटर शून्य होता ना मॅडम?" मी विचारलं.

"होता. पण माझ्या भावाच्या वेळीही सगळे म्हणाले होते, लाईट बंद आहे."

आज मी इलेक्ट्रिकल इंजिनिअर आहे, घरातली पहिली पदवीधर. गेल्या वर्षी मॅडम आजाराने गेल्या. भाचा परगावाहून येईपर्यंत त्यांना खालच्या पॅसेजमध्ये काचेच्या थंड पेटीत ठेवलं होतं. पेटीची वायर ओल्या फरशीवरून मीटरच्या खोलीत गेली होती. लोक येत होते, पेटीवर हात टेकून नमस्कार करत होते. माझी पाळी आली तेव्हा मी आधी स्टीलच्या कडेला बोटांची मागची बाजू लावली. काही नव्हतं. मग फुलं वाहिली.

माझ्यामागे पप्पा आजींना धरून आले. आजींनी तळवा पेटीकडे नेला. पप्पांनी त्यांचं मनगट अलगद धरलं.

"उलटा, आजी," ते म्हणाले, आणि त्यांचा हात वळवून दिला.