जाळीत न राहणारे डोनट

साडेअकरा वाजले होते आणि कडावला वनिताच्या स्वयंपाकघरात एअर फ्रायरच्या जाळीतून पीठ खाली गळत होतं. जाळीवर जे उरलं होतं त्याला डोनट म्हणायची माझी हिंमत नव्हती. चार वाजता निखिल सर चव बघायला येणार होते. वनिता माझ्याकडे बघत होती आणि मी मशीनकडे.

मी शबाना. कर्जतच्या एका घरगुती उपकरणांच्या दुकानात नऊ वर्षं डेमो देते. डेमो म्हणजे गिऱ्हाइकासमोर मशीन चालवायचं आणि ते किती सोपं आहे हे हसतमुखाने सांगायचं. एअर फ्रायर हा खरं तर पंखा लावलेला छोटा ओव्हन. आत कॉइल तापते, पंखा गरम हवा फिरवतो आणि जाळीतला पदार्थ थेंबभर तेलात खरपूस होतो. डेमोला मी त्यात फ्रोझन फ्राइज टाकते. त्या कुणाच्याही हातून बिघडत नाहीत, म्हणूनच टाकते.

वनिता खोपोलीच्या एका कंपनीत पॅकिंगला जायची. पहाटे घर सोडायचं, परत यायला अंधार. गावाजवळच्या फार्महाउसला शनिवार-रविवारच्या नाश्त्याचे पदार्थ पुरवणारं कुणीतरी हवं होतं. अट एकच, तळलेलं नको. ती दुकानात आली आणि विचारलं, "ताई, यात सगळं होतं ना?" मी म्हटलं, "होतं गं. माझा शब्द." तिने मशीन घेतलं आणि त्याच आठवड्यात नोकरी सोडली. हे मला नंतर कळलं. रविवारी माझी सुट्टी असते. ती सोडून मी सकाळी कडावला गेले ती त्यामुळेच.

निखिल सर त्या फार्महाउसचे मॅनेजर. माणूस सरळ, पण मालकांनी ऑक्टोबरचा मेन्यू ठरवून दिला होता. त्यात पहिलंच नाव, ऑटम स्पाइस डोनट.

"ऑटम म्हणजे काय?" वनिताने विचारलं.

"शरद ऋतू. तिकडे थंडी पडते, पानं गळतात, भोपळे निघतात."

"हितं तर नुसता घाम गळतोय," ती म्हणाली.

रेसिपी मी मोबाइलवर शोधली होती. मैदा, साखर, बेकिंग पावडर, दूध, दालचिनी, जायफळ, सुंठ, लवंग आणि भोपळ्याचा गर. साखरेच्या जागी आम्ही गूळ घेतला. बाकी सगळं वाटीने मोजून घेतलं. पहिला घाणा गळला. दुसऱ्यात मैदा वाढवला, तर डोनट बाहेरून दगड आणि आतून चिकट. शिवाय जाळीला असे धरून बसले की वनिताने ते उलथन्याने खरवडून काढले. तिचे डोळे भरून आले होते.

तिच्या सासूबाई दाराशी बसून तांदूळ निवडत होत्या. आता सूप बाजूला ठेवून उठल्या.

"भोपळ्यात दूध कशापायी घालता गं?"

"रेसिपीत लिहिलंय, मावशी."

"लिवणाऱ्याचा भोपळा कोरडा असंल. आपला पाणीदार हाय. गूळ पडला की अजून पाणी सुटतं. आमी घारग्यांना थेंबभर पाणी घालत नाय."

मी कपाळाला हात लावला. रेसिपीतला गर डब्यातला होता, घट्ट आटवलेला. आमचा भोपळा सकाळी वेलीवरून काढलेला. खालापूरला माझ्या माहेरी शेजारून दरवर्षी घारग्यांचा डबा यायचा. मी आयुष्यभर घारगे खाल्ले, करताना कधी बघितले नाहीत.

मावशींनी भोपळा किसला, गुळाबरोबर मंद आचेवर घट्ट होईपर्यंत परतला आणि परातीत गार करत ठेवला. मला घाई झाली होती. "गरम गोळ्यात पीठ घातलंस तर पुन्यांदा सैल व्हईल," म्हणून त्यांनी माझा हात मागे सारला. गार झाल्यावर मसाले, चमचाभर तूप, थोडं दही आणि बेकिंग पावडर घातलेला मैदा. मैदा मावेल तेवढाच. खुसखुशीतपणासाठी मूठभर तांदळाचं पीठ त्यांनी मला न विचारता टाकलं.

आता चिकटण्याचं काय? मावशी परसातून हळदीची पानं घेऊन आल्या. तांदळाच्या पातोळ्या याच पानात वाफवून होतात, मग हे का होणार नाहीत, असं त्यांचं म्हणणं. मी शहाणपणा केला. जाळीत आधी नुसती पानं अंथरली आणि मशीन तापायला लावलं. पंख्याने एक पान उडालं, वर कॉइलला चिकटलं आणि घरभर धूर झाला. नऊ वर्षं गिऱ्हाइकांना मी बजावत आलेय की आत हलकी वस्तू मोकळी ठेवू नका. मावशी पदर तोंडाला लावून हसत होत्या. मला राग यायला हवा होता, पण मीही हसले.

मग गोळे थापून मधे भोक पाडलं आणि पान डोनटच्याच मापाचं कापून खाली ठेवलं, म्हणजे डोनटच्या वजनाने ते दबून राहतं. एकशे सत्तर डिग्री, नऊ मिनिटं, एका वेळी चारच. मशीन उघडलं तर डोनट गोल फुगलेले, तांबूस, आणि हळदीच्या पानाचा वास. पान अलगद सुटून आलं. वर तूप लावून दालचिनीच्या साखरेत घोळवले. वनिताने पहिला तुकडा मावशींच्या तोंडात घातला.

चारला निखिल सर आले. एक खाल्ला, दुसरा उचलला, मग म्हणाले, "हा मागून वास कसला येतो? मसाला कुठला आहे?"

"घारगेच हायेत, सायेब," मावशी म्हणाल्या. "भोक तेवढं पाडलंय."

सर हसले. दर शनिवार-रविवारची ऑर्डर वनिताला मिळाली. मेन्यूवर नाव ऑटम स्पाइस डोनटच राहिलं. आम्हाला काय त्याचं.

निघताना मी मावशींचे हात धरले. म्हटलं, "आज तुम्ही माझा शब्द राखलात."

"शब्दाचं मला काय ठावं नाय," त्या म्हणाल्या. "सून आता दिवसाउजेडी घरात दिसंल. लय वर्सं मी एकलीच जेवत होते."

हा दिवस मी विसरणार नाही आणि त्यांचे उपकारही. धंद्यापुरतं एवढंच शिकले, की स्वयंपाक येणाऱ्या बाईला मशीन दोन तासांत येतं. मशीन येणारीला स्वयंपाक यायचा असेल, तर तिने आधी दाराशी बसलेल्या माणसाला विचारावं.