मानेवरचा काळा पट्टा

वरवे बुद्रुकच्या मंगलची मान काळवंडायला लागली, तेव्हा सासूबाईंनी दोष दिला तो गळ्यातल्या खोट्या मण्यांना. मंगलनं पोत बदलली. मग बेसन झालं, लिंबू झालं, नारळाच्या शेंडीनं घासून झालं. मान लाल व्हायची, हुळहुळायची आणि पुन्हा मखमलीसारखी जाड, काळी दिसायची.

लग्नानंतर मंगल शेतात राबली होती. पुढं शिलाई मशीन आलं आणि सगळं कामच बैठं झालं. गिऱ्हाईक आलं की चहा, चहाबरोबर खारी. जेवण झालं की डोळे जड व्हायचे. स्वतःच्या ब्लाउजची शिवण ती दरवर्षी उसवून सैल करायची. शेवटी शिवणीत दाबलेलं जादा कापड, आतली माया, संपली आणि बाजूला पट्टी जोडावी लागली. तिचा नवरा गेनू टेम्पो चालवायचा. तो कौतुकानं म्हणायचा, "घरचं अन्न अंगी लागलंय तिला."

सासूबाईंचा, सगुणाबाईंचा, गुडघा धरला म्हणून मंगल त्यांना घेऊन नसरापूरच्या दवाखान्यात गेली. तिथल्या डॉक्टर शुभा भोरहून यायच्या. सासूचा गुडघा तपासता तपासता त्यांची नजर सुनेच्या मानेवर थांबली.

"हे कधीपासून आहे?"

मंगलनं पदर वर ओढला. "रोज घासते ओ बाई. निगतच न्हाई."

"निघणार कसं? तो मळ नाहीच."

डॉक्टरांनी तिच्या पोटाभोवती टेप धरला. इतकी वर्षं दुसऱ्यांची मापं घेणारी मंगल श्वास आत ओढून उभी राहिली. "पोट सैल सोडा," डॉक्टर म्हणाल्या. रक्तदाब वाढलेला निघाला. रक्ताचे रिपोर्ट आले, त्यात साखर काठावर होती आणि चरबी जास्त.

"एकेक धरलं तर फार नाही, मंगलताई. पण सगळं एकत्र आलंय. याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात. शरीर इन्सुलिनला दाद देत नाही, म्हणून इन्सुलिन जास्त जास्त तयार होतं, आणि त्यानं मान अशी होते. आत्ता सावरलं तर बरं, नाहीतर पुढं मधुमेह, हृदयाचा झटका, लकवा, काहीही होऊ शकतं."

"पर मला दुकत तर कायच न्हाई."

"म्हणून तर लोक येत नाहीत."

मंगलनं गोळ्या आणल्या, थोडे दिवस घेतल्या. दुखत नसलेल्या दुखण्याचं औषध घेणं तिला वेडेपणाचं वाटलं. पाकीट कपाटावर पडून राहिलं.

दिवाळीनंतर माहेराहून, राजगडाखालच्या पालीहून फोन आला. तिच्या थोरल्या भावाला, ज्ञानूला, लकवा मारला होता. ज्ञानू एकेकाळी राजगडावर सामान वाहायचा. मग पायथ्याला हॉटेल टाकलं आणि गल्ल्यावर बसून त्याचं पोट सुटलं. पुण्याच्या दवाखान्यात भावजय त्याला कुशीवर वळवत होती. मंगल पलीकडून हात द्यायला वाकली आणि तिला त्याची मान दिसली. तोच काळा पट्टा होता.

"ही मान आशी कवापास्नं हाय?" तिनं विचारलं.

"लई वर्सं झाली. उन्हानं रापली आसंल," भावजय म्हणाली.

गावी परतताना मंगल घराआधी नसरापूरला डॉक्टरांकडंच गेली.

गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. चहातली साखर गेली, खारी गेली. चालणं मात्र अवघड गेलं. गावात बाईमाणूस कामाशिवाय रस्त्यानं निघालं की जो तो विचारी, "कुटं निगाली?" शेवटी ती फॉलपिकोच्या साड्यांची पिशवी काखेत मारून निघू लागली. मग कुणी विचारीना. सगुणाबाईंना सून वाळत चालल्याचं दुःख होतं, पाहुण्यांसमोर त्या म्हणायच्या, "आमी काय उपाशी ठेवत न्हाई तिला."

वर्षभरात कंबर उतरली, साखर काठाच्या अलीकडं आली. दाबाची गोळी सुटली नाही. मान थोडी उजळली, पुरती नाही. ज्ञानूचा उजवा हात लुळाच राहिला.

एकदा शेजारच्या रत्नाच्या गळ्याचं माप घेताना मंगलचा हात थांबला. "रत्ना, एकदा साखर तपासून घे."

"माझी मान काळी म्हणून सांगतीस व्हय?" रत्ना भडकली आणि कापड उचलून दुसरीकडं शिवायला गेली.

तेव्हापासून मंगल गिऱ्हाइकांना साखर तपासायला सांगते, पण ब्लाउज शिवून हाती दिल्यावरच.