दोन नंबरचा संगणक

आमच्या वाचनालयात तीन संगणक होते आणि तिघांचे स्वभाव तीन. एक नंबरचा चालू व्हायलाच दहा मिनिटं घेई. तीन नंबरचा दमट हवेत रुसून बसे. दोन नंबरचा तेवढा शहाणा, म्हणून त्याच्यासाठी भांडणं. आता त्यांची घरघर आठवली की जीव हळवा होतो. तेव्हा मात्र मी, तिथली ग्रंथपाल, दिवसभर त्यांच्या नावाने खडे फोडत असे.

दोन नंबरवर सकाळी अकराला एक आजोबा बसत. मिरकरवाड्याहून चालत येत. उभा जन्म मालवाहू जहाजांच्या इंजिनरूममध्ये गेलेला. मुंबईच्या नातीसाठी ते आपल्या आठवणी टाइप करत होते, एकेक अक्षर शोधत. "तिला वाटतं, आजा नुसता झोपा काढून आलाय," म्हणत. मधेच मला हाक येई, "काय गो, हा 'ज्ञ' कुठे लपवून ठेवलायस?" असं दोन वर्षं चाललं होतं.

मग जुन्या विंडोजचे अपडेट बंद झाले आणि नवी विंडोज आमच्या म्हाताऱ्या यंत्रांना झेपेना. कार्यकारी मंडळाने "तुम्हीच काय ते ठरवा" म्हणत लोढणं माझ्या गळ्यात अडकवलं. मी आठवडाभर चार जाणत्यांना विचारलं आणि लिनक्स घ्यायचं ठरवलं. फुकट, जुन्या यंत्रांवर चालणारं, शिवाय मेनू मराठीत. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं. वाचकांनी पडद्यावर ठेवलेल्या सगळ्या फाईली मी पेनड्राइव्हवर उतरवून घेतल्या, यादी करून तीनदा तपासल्या. रविवारी जुनं सगळं पुसून नवं चढवलं.

सोमवारी आजोबा बराच वेळ पडद्याकडे बघत बसले. "माझं कुठे गेलं गो?"

यादीत त्यांचं काहीच नव्हतं. मी विचारलं, "तुम्ही ठेवलं कुठे होतंत?"

"डब्यात."

पडद्याच्या कोपऱ्यातल्या कचऱ्याच्या डब्यात! कॉलेजची पोरं जागा करायला कुणाच्याही फाईली डब्यात न टाकता थेट उडवत. आजोबांची पहिली दहा पानं तशीच गेली होती. तेव्हापासून ते रोज फाईल डब्यातून बाहेर काढत, लिहीत आणि जाताना परत डब्यात टाकत. "जहाजावर मी घड्याळ कचऱ्याच्या डब्यात ठेवायचो," ते म्हणाले. "तीस वर्षांत कोणी हात लावलान नाही."

डबा तेवढा मी उतरवून घेतला नव्हता. कचरा कोण जपून ठेवतं? संगणक दुरुस्त करणाऱ्याला बोलावलं, त्यानेही हात टेकले. मी कपाटाआड जाऊन रडले. समजूत घालायला आजोबाच आले. "रडतेस काय? डोक्यात आहे ना सगळं. मी सांगतो, तू लिही."

मग रोज दुपारी ते सांगत आणि मी टाइप करत असे. इंजिनरूममधला उकाडा, तांबड्या समुद्रात कुळथाचं पिठलं रांधणारा हेदवीचा स्वयंपाकी, घरचं पत्र न आलेले सात महिने. मी घाई केली की ओरडत, "थांब गो, अजून बंदर नाही आलं." नोकरीतल्या माझ्या सगळ्यात सुखाच्या दुपारी त्याच. आजही त्या वेळेला चहा घेते तेव्हा कुणीतरी काहीतरी सांगायला हवं असं वाटत राहतं.

एकोणीस पानं झाली आणि आजोबांचा दमा बळावला. यायचे थांबले. महिन्याभरात गेले.

दिवसकार्य उरकल्यावर नात आली. मी पानं छापून, शिवून ठेवली होती. तिने ती माझ्या टेबलापाशी उभ्यानेच वाचली. शेवटचं पान उलटून मागची कोरी बाजूही पाहिली.

"एवढंच लिहिलं होतं आजोबांनी?"

हो म्हणता आलं असतं. तिला कोण सांगायला जाणार होतं?

"नाही," मी म्हटलं. "दोन वर्षं लिहीत होते तुझ्यासाठी. ते मी पुसलं."