हळदी-कुंकू बदक आणि ढोलाविना गेलेला गणपती

गौरी-गणपतीला यंदा मावशीकडे जायचं ठरलं. तिचं गाव मंडणगडच्या पुढे, आतल्या अंगाला. पुण्याहून ताम्हिणी, माणगाव, आंबेत असा रस्ता धरला. ताम्हिणीत धुकं, माणगावात गाड्यांची रांग. पेट्रोल मंडणगडातच भरून घ्या, पुढे शोधत बसावं लागतं.

काळ्या वाटाण्याची आमटी आणि तांदळाची भाकरी जेवून उठताना मावशी म्हणाली, "तळीवर बदक आलंय. पिल्लं काढलीत. बघ जाऊन, पण जवळ जाऊ नको गो."

तळी भातशेताच्या टोकाला. मी आणि माझा नवरा सुहास बांधावर पोचलो. हळदी-कुंकू बदक होतं. चोचीचं टोक पिवळं, कपाळाशी लाल ठिपके. मागे पिल्लांची ओळ. आम्ही बरेच लांब होतो, तरी मादीने आम्हाला पाहिलं. पिल्लं लव्हाळ्यात शिरली आणि ती पंख मोडल्यासारखी फडफडत उलट्या दिशेला निघाली, आम्हाला ओढून न्यायला. तेवढ्यात वर घार फिरू लागली.

"मागे चल, आपण इथे असेपर्यंत ती पिल्लांकडे जायची नाही," सुहास म्हणाला. गोठ्याच्या आडून बघत राहिलो. ती पिल्लांकडे परतली, तेव्हाच घराकडे वळलो.

दुसऱ्या दिवशी विसर्जन, आणि या घरचा गणपती त्याच तळीत जातो. सकाळी मावशीने दिराकडे विषय काढला. हे मंगेशकाका सणाला मुंबईहून आलेले.

"यंदा पऱ्यावर नेऊया. त्या ओढ्याला पाणी आहे."

"वडलांपासून तळीत सोडतोय. बदकासाठी वाट बदलायची?"

"तिला पोरं घेऊन उडता येत नाही, भावोजी. आपल्याला चालता येतं."

संध्याकाळी आरती झाली, काकांनी मूर्ती डोक्यावर घेतली आणि बांधाशी आल्यावर पऱ्याच्या वाटेला वळले. "ढोल थांबवा रे," एवढंच म्हणाले. तळीच्या अंगाने आम्ही चिखल तुडवत गुपचूप गेलो. लव्हाळं हललंसुद्धा नाही. वळणापलीकडे ढोल पुन्हा सुरू झाला.

पुण्यात येऊन फोटो पाहिले. बहुतेकांत नुसतं गवत आहे. दिवाळीआधी मावशीचा फोन आला, पिल्लं उडाली. तुम्हीही पावसाळ्याच्या शेवटी त्या भागात जरूर जा, तळी दिसली तर लांबूनच बघा. गावाचं नाव मात्र विचारू नका. निघताना काकांनी गाडीच्या खिडकीशी वाकून सांगितलं होतं, "लिही हवं तेवढं. पत्ता नको देऊ."