एकशे बारावं पान

शिरूरच्या स्टँडसमोर ईश्वरअण्णांचं टायपिंगचं दुकान होतं. अण्णा दहावी नापास, पण तालुक्यातल्या निम्म्या पीएच.डी. त्यांच्याच बोटांतून उतरलेल्या. कुणी कुणाचं उचललंय हे विद्यापीठाच्या आधी त्यांना कळायचं. मग खाली मान घालून ते हळूच सांगत, की हा परिच्छेद मागच्या सालीही टाइप केलाय. मलाही एकदा सांगितलं. तेव्हापासून मी त्यांना जरा वचकूनच असे.

२००१ साली आमच्या कॉलेजातल्या सुरेखा मॅडमचा गावजत्रांवरचा प्रबंध त्यांच्याकडे आला. शनिवारी तो विद्यापीठात पोचवायचा होता. मंगळवारी अण्णांनी यंत्रावरून हात काढले. चौथं प्रकरण टाइप करणार नाही म्हणाले. ते अख्खं प्रकरण एका प्रथेवर उभं होतं: निमोण्याच्या जत्रेत गावचे जावई आल्याशिवाय पालखी उठत नाही.

"मॅडम, अशी प्रथाच न्हाई. ती म्याच लिवलीया."

मग सगळं बाहेर आलं. त्र्याण्णव साली एका प्राध्यापकांच्या हस्तलिखित प्रबंधाचं एकशे बारावं पान अण्णांच्या हातून शेजारच्या गाड्यावरच्या भज्यांच्या तेलात पडलं. प्राध्यापक परगावी, मुदत दुसऱ्या दिवशी. अण्णा मूळचे निमोण्याचेच, त्यांनी पान मनानंच भरून काढलं. त्या वर्षी त्यांचा जावई जत्रेला फिरकला नव्हता. तो राग शेवटच्या ओळीत उतरला. पुढं अण्णांनीही रुसून जत्रा सोडली आणि घरात तो विषयच बंद केला. ती ओळ मात्र चार प्रबंधांत गेली. त्यातला एक माझा.

मॅडम रडकुंडीला आल्या. तरी दुसऱ्या दिवशी अण्णांना घेऊन एसटीनं निमोण्याला गेल्या. देवळाच्या पायरीवर म्हातारे गेणबा पुजारी बसले होते. मॅडमनी प्रथेचं विचारलं.

"व्हय, जावयाबिगर पालखी उठत न्हाई," गेणबा म्हणाले. "त्या प्राध्यापकाचा सत्कार केला, तवा त्यानं बुकातनं वाचून दावलं. तवा कुठं आमची रीत आमाला कळली." मग अण्णांकडं वळून म्हणाले, "तुझा जावई येतो की दर सालाला. तूच येत न्हाईस, ईश्वरा."

परतीच्या एसटीत मॅडमनी मांडीवरच तळटीप लिहिली: ही प्रथा १९९३ नंतरची, मूळ माहिती ईश्वर रखमाजी काळे, टंकलेखक, शिरूर.

चाळीस विद्वानांची नावं बिनचूक टाइप करणारे अण्णा ती तळटीप टाइप करताना माझ्यासमोर स्वतःच्या नावाला दोनदा चुकले. मला हसू आलं आणि भरूनही आलं. चैत्रात त्यांच्या दुकानाला दोन दिवस कुलूप होतं. अण्णा जत्रेला गेले होते.