बसवंत, वर पळ!

लातूर जिल्हा नवा झाला, त्या वर्षीच्या दुष्काळात आमच्या लष्करी इंजिनिअर तुकडीची ड्यूटी लागली गटाराच्या पाण्यावर. हसू नका. नव्या कचेऱ्यांच्या बांधकामाला प्यायचं पाणी वापरायला बंदी होती. शहराचं सांडपाणी टाक्यांत निवळायचं, त्यात क्लोरीन सोडायचा आणि टँकर भरून द्यायचे, हे आमचं काम.

मी लान्स नाईक, कंधारकडचा. माझ्या हाताखालचा जवान, सॅपर बसवंत, देवणीचा. क्लोरीनचा सिलिंडर तो सांभाळायचा, पाणी मी तपासायचो. काचेच्या नळीत पाणी घ्यायचं, औषधाचे थेंब टाकायचे, थांबायचं. पिवळसर झालं की पाण्यात क्लोरीन शिल्लक आहे, टँकर सोडा. बसवंत रोज चिडवायचा, "काय उस्ताद, हळद लागली का न्हाई?"

त्या सकाळी रंग चढलाच नाही.

"न्हाई लागली रे."

"थांबा, जरा वाढवतो," म्हणत तो शेडमध्ये गेला. मी दारात उभा. त्यानं चावी फिरवली आणि पाइपाचा जोड फाटकन सुटला. बाहेरून हवालदारसाहेब ओरडले, "लेट जाओ!" त्यांना स्फोट वाटला. आवाज झाला की जमिनीला चिकटायचं, हे आमच्या हाडात मुरलेलं. बसवंत आडवा झाला. मी भ्यालो. ऑर्डर मोडली आणि टाकीच्या जिन्यावर धूम ठोकली.

क्लोरीन हवेपेक्षा जड. तो जमिनीलगतच पसरतो. मास्क लावून बसवंतला बाहेर काढेपर्यंत सगळं संपलं होतं.

त्याला घेऊन देवणीला मीच गेलो. माती दिल्यावर त्याच्या वडलांनी सगळं ऐकून घेतलं.

"तुमी पळाला, बरं केलं," ते म्हणाले. मग खाली बघत विचारलं, "पळताना माझ्या लेकराला हाक मारली का?"

"न्हाई, आप्पा."

त्यांनी आतून मला चहा मागवला.

चौकशीत ठरलं, वर पळणं हेच बरोबर होतं. मला शाबासकी मिळाली. लाज वाटते हो! मी काही अक्कल लढवली नव्हती, जीव मुठीत घेऊन पळालो होतो.

रिटायर झाल्यावर अशाच प्लांटवरच्या कामगारांना मी शिकवतो. गॅस सुटला तर झोपू नका, उंचावर पळा, आणि पळताना शेजारच्याचं नाव घेऊन ओरडा. कसं ओरडायचं, ते पोरं विचारतात. मग मी जिन्यावर चढतो आणि छाती फुटेस्तोवर ओरडून दाखवतो, "बसवंत, वर पळ!"