सरस्वतीपुढची चावलेली काडी

हॅनोव्हरच्या मराठी मंडळात सुकन्या परांजपे कुणाला फारशी आवडली नाही, आणि आवडावं म्हणून तिनेही कधी जिवाचं रान केलं नाही. नवरा सिद्धेश गाड्यांच्या कारखान्यात इंजिनियर. ही एका संग्रहालयात शाळेच्या मुलांना प्राचीन इजिप्तमधले लेखनिक कसे घडत, धान्य कसं मोजत, शेतांची मापं कशी टिपून ठेवत, ते दाखवायची. मंडळाच्या अध्यक्ष सुरेखाताईंनी पहिल्याच भेटीत शेरा मारला होता, की मेलेल्यांची कारकुनी करायला एवढं शिकावं लागतं होय!

तरी रविवारचा मराठीचा वर्ग तिच्याकडेच होता, कारण दुसरं कुणी तो घ्यायला तयार नव्हतं. आठवडाभर जर्मनमध्ये जीभ वळवून झाल्यावर तो एवढा तास तिचा स्वतःचा असे. मुलं मात्र जर्मनमध्येच उत्तरं देत आणि अक्षर गिरवायला सांगितलं की जांभया देत. शेवटी वैतागून तिने संग्रहालयातली रीत वर्गात आणली. इजिप्तमध्ये पपायरस, म्हणजे लव्हाळ्यासारख्या झाडाचा कागद, जपून वापरत. शिकाऊ मुलं फुटक्या मडक्यांच्या खापऱ्यांवर गिरवत. जुना मजकूर पुन्हा पुन्हा उतरवायचा, चुकलं की गुरू लाल शाईने दुरुस्त करणार, वर छडीही देणार. छडी सोडून तिने सगळं घेतलं. फुटक्या कुंड्या जमवल्या, काजळीची शाई केली, तळ्याकाठून लव्हाळ्याच्या काड्या कापून आणल्या. काडीचं टोक दातांनी चावून मऊ केलं की त्याचा कुंचला होतो. मुलांनी काड्या मनसोक्त चावल्या आणि दसऱ्यापर्यंत आपापली नावं देवनागरीत लिहू लागली.

दसऱ्याला मंडळाच्या हॉलमध्ये पाटीपूजन होतं. मुलांनी खापऱ्या आणि काड्या सरस्वतीपुढे मांडल्या. सुकन्याने स्वतः त्यांवर हळदकुंकू वाहिलं. तिला काही खटकलंच नाही. संग्रहालयात रोज काड्या चावून चावून त्यात उष्टं म्हणून काही असतं, हेच ती विसरली होती.

सुरेखाताई विसरल्या नव्हत्या. त्यांनी एक काडी दोन बोटांत धरून उचलली.

"ही चावलीय कुणी?"

"मुलांनी. चावल्याशिवाय लिहिता येत नाही तिने."

"म्हणजे देवीपुढे उष्टं मांडलंस. माहेरी कुणी काही शिकवलं नाही, का तिथेही ममीच होत्या?"

दोघीतिघी हसल्या. ज्यांची मुलं नावं लिहायला शिकली होती, त्या प्रसादाच्या ताटल्या लावू लागल्या. मग सुरेखाताईंनी निवाडा सांगितला: सुकन्याने काड्या स्वतःच्या हाताने कचऱ्यात टाकायच्या, सगळ्यांसमोर चुकलं म्हणायचं आणि पुढच्या रविवारपासून आखीव वह्या वापरायच्या. नाहीतर वर्ग त्या स्वतः घेतील.

चूक झाली हे सुकन्याला कळत होतं. पूजेला कोऱ्या काड्या ठेवायच्या, एवढंच तर होतं. ती मान खाली घालणारही होती. पण सुरेखाताईंनी कचऱ्याचा डबा पायाने तिच्याकडे सरकवला, आणि त्या आवाजासरशी तिचं मन दगड झालं.

"इथे ठेवायला नको होत्या, खरं आहे," ती म्हणाली. "पण यांनीच मुलं लिहायला लागली. कचऱ्यात मी टाकणार नाही. वर्ग तुम्ही घ्या, सुरेखाताई. आणि शिकणं सगळं उष्टंच असतं. पाटीवर श्री काढता, तो काही तुम्ही शोधून काढलेला नाही."

तिने काड्या ओढणीत गुंडाळल्या आणि प्रसाद न घेता बाहेर पडली. तिला थांबवायला कुणीही उठलं नाही.

सुरेखाताईंचा आखीव वह्यांचा वर्ग नाताळच्या आतच बंद पडला. सुकन्यानेच मुलांना वाईट सवयी लावून तो मोडला, असं मंडळात आजही सांगतात. रविवारी वर्गाच्या वेळेला ती उगाच कुंड्यांना पाणी घालत बसते. ट्राममध्ये सुरेखाताई दिसल्या, तर त्या मोबाईलमध्ये डोकं घालतात. सुकन्या मुद्दाम समोरच्या सीटवर बसते आणि आपला स्टॉप येईपर्यंत त्यांच्याकडे बघत राहते.